तुलूझचं जाकोबँ कॉन्व्हेंट: चर्च फुकट आहे म्हणून तेवढंच बघून परत फिरू नका

फ्रान्समधल्या तुलूझला येऊन आम्हाला आता पाच वर्षं झाली. नवरा विमानांच्या कामात, आमच्या ओळखीतली बहुतेक मराठी घरं तशीच, आणि कुणाचे आईवडील भारतातून आले की ग्रुपवर तोच प्रश्न येतो, दोन-तीन दिवस आहेत, गावात दाखवायचं काय. दर वेळी मी एकच उत्तर टाईप करते, जाकोबँ दाखवा आणि घाईत दाखवू नका. मग पुढचा मेसेज येतो, अगं एक चर्चच ना, अर्ध्या तासात होईल. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं, यापुढे हेच फॉरवर्ड करीन.

मी स्वतः तिथे किती वेळा गेले असेन याचा हिशोब नाही, पण खरं बघणं झालं ते या एप्रिलमध्ये, बाबा बरोबर होते तेव्हा. बाबांनी कराडला जन्मभर बांधकामाची कामं घेतली, कृष्णाकाठच्या भट्टीवरून विटा उचलायच्या, त्या हातात घेऊन एकमेकींवर आपटून आवाज ऐकायचा आणि मगच ट्रॅक्टर भरायचा असा त्यांचा शिरस्ता, आणि हे सगळं कॉन्व्हेंट विटांचं आहे. तुलूझच्या आसपास बांधायचा दगड मिळत नाही, गारोन नदीची माती मात्र भरपूर, त्यामुळे अख्खं जुनं शहरच भाजक्या विटांचं, लोक त्याला गुलाबी शहर म्हणतात. कापितोल चौकातून चालत पाच मिनिटं, रस्ता वळला की एकदम ही भिंत समोर येते. प्लास्टर नाही, मूर्ती नाहीत, नक्षी जवळजवळ नाहीच, नुसत्या विटा आणि त्यातून वर गेलेल्या उंच अरुंद खिडक्या. आईला पहिल्यांदा वाटलं की जुनी गिरणीबिरणी असेल. बाबा मात्र रस्त्यातच थांबले, भिंतीला हात लावला, एका विटेवर वीत ठेवून बघितली, दोन विती भरायला थोडी कमी. इथली जुनी वीट साधारण ४२ सेंटिमीटर लांब, २८ रुंद आणि जाडी फक्त ५, म्हणजे वीट कमी आणि भाकरीचं थापटलेलं पीठ जास्त. बाबा म्हणाले, "अगं आपल्या वाड्यांच्या विटा अशाच चपट्या असायच्या, ही जाडजूड वीट नंतरची." ते रद्दे, म्हणजे विटांचे थर, मोजत उभे राहिले आणि आम्ही दोघी सावलीत.

आधी नावाचा घोळ मिटवते कारण प्रत्येक पाहुणा तिथेच अडकतो. कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर इंग्लिश मीडियमची शाळा येते नाहीतर नन्स. जुन्या गोव्यातलं सेंट मोनिकाचं कॉन्व्हेंट नन्सचंच होतं, त्यामुळे समज पक्का. पण इथे राहायचे पुरुष, डॉमिनिकन साधू. डोंगरात मठ बांधून जगापासून लांब राहणारे ते वेगळे, हे भर शहरात राहायचे, रस्त्यावर उतरून प्रवचन करायचे आणि माधुकरी मागून जेवायचे. माधुकरी म्हटल्यावर आईला लगेच कळलं, त्याआधी मी दहा मिनिटं भिक्षेकरी संप्रदाय वगैरे काय काय सांगत होते. जाकोबँ हे नाव पॅरिसमधून आलं, तिथे त्यांचं घर सँ-जाकच्या रस्त्यावर, म्हणून फ्रान्सभर या साधूंना जाकोबँ म्हणायला लागले. पुढे राज्यक्रांतीतला जो जहाल जाकोबँ क्लब आपण शाळेत वाचला तो पॅरिसमधल्या यांच्याच एका मठात भरायचा, म्हणून त्यांना ते नाव चिकटलं. तुलूझच्या इमारतीचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

आणि हे साधू तुलूझमध्येच का, हे कळलं नाही तर पुढचं सगळं नुसतं आर्किटेक्चर होऊन बसतं. बाराशेच्या आसपास या भागात कॅथर नावाचा पंथ जोरात होता, त्यांचे धर्मगुरू साधे राहायचे, पायी फिरायचे, आणि श्रीमंत चर्चपेक्षा लोकांना ते जवळचे वाटायचे. पोपने १२०८ मध्ये त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं, ते १२०९ पासून २० वर्षं चाललं, त्यात हा सगळा दक्षिण भाग होरपळून निघाला. त्याच काळात स्पेनमधून आलेल्या डॉमिनिकला वाटलं की ज्या माणसांशी वाद घालायचा आहे त्यांच्याइतकंच साधं राहून, शिकून, बोलून वाद घालायला पाहिजे. १२१५ मध्ये तुलूझच्या एका श्रीमंत रहिवाशाने त्याला राहायला घर दिलं आणि तिथे संप्रदाय सुरू झाला, पुढच्या वर्षाच्या शेवटी पोपने मान्यता दिली. १२२९ मध्ये युद्ध संपलं, तहात तुलूझला विद्यापीठ काढायचं ठरलं, आणि त्याच वर्षी साधूंनी ही जागा घेतली.

पण नुसतं शिकणं-बोलणं राहिलं नाही. १२३३ मध्ये पोपने इन्क्विझिशनचं काम याच संप्रदायाकडे दिलं, म्हणजे पाखंडी शोधायचे, चौकश्या करायच्या, शिक्षा ठरवायच्या. मेलेल्या माणसांची प्रेतं उकरून जाळायलाही कमी केलं नाही. शहर इतकं चिडलं की १२३५ मध्ये नगराच्या कारभाऱ्यांनी सगळ्या साधूंना अक्षरशः बाहेर काढलं, वर्षभरात ते परत आले. पुढे बर्नार गी हा इन्क्विझिटर १३०७ पासून दीड दशक तुलूझलाच होता, आणि गंमत अशी की या कॉन्व्हेंटचा इतिहास, कुठलं बांधकाम कधी झालं, हे आपल्याला बरंचसं त्याच्याच लिखाणामुळे कळतं. इतकं सुंदर बांधणारे आणि माणसांना तुरुंगात टाकणारे तेच लोक. मला हे दर वेळी आत शिरताना आठवतं आणि आठवावं असंच वाटतं, मुलांना दाखवताना सुद्धा मी हा भाग गाळत नाही.

आता आत. रस्त्याच्या बाजूने दार आहे, म्हणजे तुम्ही चर्चच्या कुशीतून आत शिरता, समोरून नाही. आणि शिरल्या शिरल्या गोंधळ होतो कारण आपल्याला मधोमध मोकळी वाट आणि टोकाला वेदी अशी सवय असते, इथे बरोबर मधोमध खांबांची रांग. ७ खांब, एका ओळीत, २२ मीटर उंच, म्हणजे पुण्यातली सातमजली बिल्डिंग धरा, आणि जाडी इतकी कमी की आई म्हणाली हे कसे उभे राहिले गं. हॉल ८० मीटर लांब, २० रुंद, छत २८ मीटरवर. खांबांमुळे त्याचे दोन भाग होतात, एका भागात साधूंची प्रार्थना आणि दुसऱ्यात गावातली माणसं प्रवचन ऐकायला. हे दोन भाग पहिल्यापासूनच आहेत, १२३० ला जे पहिलं चर्च बांधलं ते असंच होतं, बुटकं, लाकडी छपराचं, मधे खांब, साधू एकीकडे लोक दुसरीकडे. या संप्रदायाचा सुरुवातीचा नियमच होता की घरं साधी असावीत, चर्चची भिंत ३० फुटांच्या वर नको, आणि वेदीचा भाग वगळता दगडविटांचं कमानी छत नको. ३० फूट म्हणजे ९ मीटर, आणि आपण उभे आहोत २८ मीटरच्या छताखाली.

बाबांनी इथेच विचारलं, माधुकरी मागणाऱ्यांनी एवढं बांधलं कुठून? प्रश्न बरोबर आहे. ते एका दमात बांधलेलंच नाही, १०० वर्षं तुकड्यातुकड्याने वाढत गेलंय. आधी ते बुटकं चर्च. मग पंधरा वर्षांत गर्दी मावेना, विद्यापीठाची पोरं, प्रवचनाला येणारे लोक, शहरातले पैसेवाले स्वतःला इथे पुरून घ्यायला तयार आणि त्यासाठी दान द्यायला तयार, म्हणून १२४५ च्या सुमारास पूर्वेकडे नवा भाग जोडला, टोकाला गोलाकार, भोवती छोटी छोटी देवघरं. मग १२७५ ते १२९२ या काळात तो नवा भाग आणखी उंच करून वर कमानी छत टाकलं. आता एका टोकाला आभाळाएवढा भाग आणि दुसऱ्या टोकाला जुनं बुटकं चर्च तसंच, असं चाळीसेक वर्षं राहिलं असेल. शेवटी एका डॉमिनिकन कार्डिनलने, गियोम द पेर गोदँने, पैसे दिले आणि १३२५ ते १३३५ मध्ये जुना भाग पाडून तोही तेवढाच उंच केला. हे माहीत असलं की पश्चिमेच्या टोकाला, मोठ्या गोल खिडक्यांखाली उभं राहून बघायचं, आणि तिथून हळूहळू पूर्वेकडे चालायचं. मी पाहुण्यांना तसंच नेते. थेट टोकाला पळू नका, खांब एकेक मागे पडत जायला पाहिजेत.

कारण टोकाला ते झाड आहे. फ्रेंचमध्ये त्याला पाल्मिए म्हणतात, ताडमाडासारखं झाड. शेवटचा, सातवा खांब, आणि त्याच्या डोक्यातून चारी बाजूंना २२ बरगड्या, म्हणजे छत पेलणाऱ्या बारीक कमानी, फुटतात, काही रुंद काही अरुंद, आणि सगळ्या जाऊन भिंतींना टेकतात. फोटोत सगळ्यांनी बघितलेलं असतं. पण ते असं का झालं हे बाबांनी मला समजावलं, आणि खरं सांगायचं तर एवढी वर्षं मी ते नुसतं सुंदर म्हणून बघत होते. गोष्ट अशी की हॉल सरळ आहे तोपर्यंत मधली खांबांची रांग सोपी, प्रत्येक खांबावरून दोन्ही भिंतींकडे कमानी टाकायच्या. पण टोकाला भिंत गोल फिरते. आणि या लोकांनी तर मधोमध खांब ठेवायचं आधीच ठरवून टाकलेलं, पन्नास वर्षांपूर्वीच्या बुटक्या चर्चपासून. एक भाग असता तर गोलाकार टोकावर छत टाकणं सगळ्यांना येत होतं, सगळ्या बरगड्या मधे हवेत एका चावीच्या दगडाला, म्हणजे कमानी अडकवून धरणाऱ्या मधल्या दगडाला, भेटल्या असत्या. इथे मधे खांब आडवा येतोय. मग गवंड्यांनी काय केलं, तर जो आडवा येतोय त्याच्याच डोक्यावर सगळ्या बरगड्या आणून सोडल्या. बाबा म्हणाले, "यांनी नक्षी करायची म्हणून नाही केलं, यांना दुसरीकडे टेकायला जागाच नव्हती." आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिले, तोंडाने पुटपुटत बरगड्या मोजत. एकदा २१ आल्या, पुन्हा मोजल्या, मग २२.

खांबाजवळ एक मोठा आरसा ठेवलाय, त्यात वाकून बघितलं की छत पायाशी दिसतं आणि मान दुखत नाही, वयस्कर माणसांना फार बरं पडतं. आईने आरशातच सगळं बघितलं. एक छोटी फ्रेंच मुलगी शेजारी होती, तिने आरशातल्या बरगडीवरून बोट फिरवायला सुरुवात केली, आईनेही दुसऱ्या बाजूने बोट फिरवलं, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मधे खांबापाशी भेटल्या.

खिडक्यांच्या काचा जुन्या नाहीत, त्या १९५० च्या दशकात माक्स अँग्रां या कलावंताने केल्या, दक्षिणेच्या बाजूला उबदार रंग, लाल-केशरी-पिवळे, आणि उत्तरेच्या बाजूला निळे-हिरवे. जुन्या म्हणजे फक्त पश्चिमेच्या गोल खिडक्या, चौदाव्या शतकातल्या. काहींना नवीन काचा चर्चमध्ये शोभत नाहीत असं वाटतं, मला तसं अजिबात वाटत नाही. दुपारी ऊन दक्षिणेकडून आलं की ते राखाडी खांब एका अंगाने नारिंगी होतात आणि दुसऱ्या अंगाने निळसर राहतात, आणि ऊन सरकलं की रंग फरशीवरून चालत जातो, तुम्ही पंधरा मिनिटं एका जागी बसलात तर डोळ्यांदेखत दिसतं. म्हणून जायचं तर उन्हाच्या दिवशी जा. पावसात गेलात तर अर्धी मजा जाते.

वेदीखाली सोनेरी पेटीत थॉमस अक्वायनसच्या अस्थी आहेत. ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी, हा मध्ययुगातला ख्रिश्चन धर्माचा सगळ्यात मोठा तत्त्वज्ञ धरतात, ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र आणि धर्म यांची सांगड घातली, आणि तो डॉमिनिकन. वारला १२७४ मध्ये, इटलीत, एका दुसऱ्याच संप्रदायाच्या मठात, आणि तिथल्या लोकांनी देह सोडायला नकार दिला. त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं. शेवटी पोप पाचव्या अर्बनने निर्णय दिला की तुलूझला द्या, आणि २८ जानेवारी १३६९ ला अस्थी इथे आल्या. आईने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, म्हंजे गोव्याला झेवियरचं आहे तसंच. तसंच. तिने हात जोडले, आपल्याकडे कुठल्याही समाधीला जोडतो तसे, आणि बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली. राज्यक्रांतीत १७९१ ला साधूंना बाहेर काढलं तेव्हा या अस्थी सँ-सेर्नँ या गावातल्याच मोठ्या चर्चमध्ये हलवल्या, त्या परत आल्या थेट १९७४ मध्ये, त्याच्या मृत्यूला ७०० वर्षं झाली तेव्हा. एका गावात, चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, आणि परत यायला १८३ वर्षं.

मधे काय झालं होतं? घोडे. नेपोलियनच्या काळात, १८१० च्या सुमाराला हे सगळं लष्कराला दिलं, तोफखान्याची बराक. चर्चमध्ये आडवे मजले टाकले, खाली पागा आणि वर शिपाई. त्या २८ मीटर उंच हॉलमध्ये, बरगड्यांच्या त्या झाडाखाली, घोडे बांधलेले. खिडक्या बुजवल्या. चर्चला लागून असलेल्या अंगणाभोवतीच्या ओवऱ्यांच्या चारपैकी दोन बाजू १८३० च्या आसपास पाडून टाकल्या. १८६५ मध्ये लष्कर गेलं तेव्हा जे उरलं होतं त्यातले काही भाग शेजारच्या शाळेने वापरले, तीच शाळा आज गणितज्ञ फेर्माच्या नावाची आहे. विसाव्या शतकात डागडुजीचं काम मनावर घेतलं, ते १९७२ पर्यंत चाललं. बाबांना वाटलं होतं की हे सगळं पहिल्यापासून असंच जपलेलं असणार. मी सांगितल्यावर ते परत खांबांपाशी जाऊन खालच्या भागाला हात लावून बघायला लागले, कुठे मोडलंय कुठे नवीन बसवलंय. आणि दुसऱ्या साधूंचं, फ्रान्सिस्कन लोकांचं, जवळजवळ एवढंच मोठं चर्च याच गावात होतं, लष्कराने त्यात घोड्यांचा चारा भरून ठेवला आणि १८७१ मध्ये ते पेटलं. आता तिथे एक मनोरा आणि थोडे अवशेष. म्हणजे आपण ज्याच्या खाली उभं राहून फोटो काढतोय ते वाचलंय हे नशीब.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. चर्चमध्येच आत एक काउंटर आहे, तिथे तिकीट काढलं की उत्तरेच्या दारातून क्लॉइस्टरमध्ये जाता येतं. बहुतेक लोक इथून परत फिरतात. झाड बघितलं, आरशात सेल्फी झाला, बाहेर. आम्ही होतो त्या तासाभरात चर्चमध्ये शंभरएक माणसं येऊन गेली असतील आणि आत आम्ही धरून दहा-बारा. तिकीट फार नाही, बाहेर चौकात दोघांनी कॉफी प्यायली तरी तेवढे जातात, आणि मी छातीठोक सांगते की ते पैसे वसूल आहेत.

क्लॉइस्टर म्हणजे काय हे मी आईला एका शब्दात सांगितलं, ओवऱ्या. देवळाच्या आवारात चौक असतो आणि चारी बाजूंनी ओवऱ्या, वारीतले लोक जिथे पथाऱ्या टाकतात, तसंच, फक्त इथे वारकरी नाहीत, साधू जपमाळ घेऊन फेऱ्या मारायचे, वाचायचे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ऊन-पाऊस न लागता जायचे. बांधलं १३०६ ते १३१० मध्ये. वरच्या कमानी विटांच्याच पण खाली जोडीजोडीने उभे बारीक खांब आहेत, पिरेनीज डोंगरातल्या राखाडी संगमरवराचे, आणि प्रत्येक जोडीच्या डोक्यावर पानंफुलं कोरलेली. चर्चमध्ये सगळं अवाढव्य, इथे सगळं हाताला लागेल असं. मी एका जोडीपाशी बसले होते, एका बाजूची पानं अगदी स्पष्ट, शिरासकट, आणि दुसऱ्या बाजूची, म्हणजे अंगणाकडची, सातशे वर्षांच्या पावसाने साबणासारखी गुळगुळीत झालेली. एकाच दगडाला दोन वयं. दोन बाजू जुन्या आणि दोन बाजू १९६० च्या दशकात परत उभ्या केलेल्या, इकडेतिकडे गेलेले जुने खांब मिळाले ते बसवले आणि बाकीचे नवीन घडवले. नवे कुठले आणि जुने कुठले हा खेळ मुलांबरोबर खेळा, मजा येते. बाबांनी पटापट ओळखले, नव्याच्या कडा अजून बोटाला लागतात म्हणाले.

मधल्या अंगणात नीट कापलेली बुटकी हिरवी झुडपं आहेत आणि तिथून मान वर केली की चर्चची लांबलचक बाजू आणि मनोरा एकत्र दिसतो, रस्त्यावरून हे असं दिसतच नाही. मनोरा आठ कोनी, १२९८ ला पूर्ण झाला, ४५ मीटर. त्याच्या वरच्या खिडक्यांच्या कमानी गोल नाहीत, दोन तिरक्या रेषा वर जाऊन मिळतात तशा त्रिकोणी. आईला त्या घराच्या उतरत्या छपरासारख्या वाटल्या. बाबा म्हणाले चपट्या विटेत गोल कमान काढायची तर वीट तासत बसावं लागतं, हे सोपं आणि पक्कं. परत तेच, सामान जे आहे त्यातून.

ओवऱ्यांच्या पूर्वेला साधूंची सभेची खोली, तिथे सगळे जमून कारभार ठरवायचे, चुका कबूल करायचे. दोनच खांब आहेत आणि त्यावर अख्खं छत. हे खांब चर्चच्या खांबांपेक्षाही नाजूक, मी दोन्ही हातांत धरू शकेन असं वाटलं (धरलं नाही). त्याच्या पलीकडे सँ-आंतोनँचं छोटं देवघर, १३३५ नंतर पाच-सहा वर्षांत झालेलं, दोमिनिक ग्रिमा नावाच्या बिशपने स्वतःच्या समाधीसाठी बांधून घेतलं. त्याच्या छतावर रंगवलेली चित्रं अजून आहेत, बायबलमधल्या जगाच्या शेवटाचं वर्णन, सिंहासन, वाद्यं वाजवणारे म्हातारे, देवदूत. निळा रंग अजून टवटवीत आहे. इथे अंधार असतो, घाईने आत डोकावून बाहेर येऊ नका, दोन मिनिटं थांबलात की डोळे सरावतात आणि चित्रं एकेक करून वर यायला लागतात. उत्तरेला जेवणाचा हॉल, १३०० च्या सुरुवातीचा, एवढा मोठा की किती साधू पंगतीला बसत असतील याचा अंदाज येतो. आता तिथे प्रदर्शनं असतात. आम्ही गेलो तेव्हाचं प्रदर्शन आम्हाला फारसं कळलं नाही, आम्ही छताच्या कमानीच बघितल्या. दर सप्टेंबरमध्ये या कॉन्व्हेंटमध्ये पियानोचा महोत्सव असतो, मी एकदा गेलेय, सूर संपल्यावरही बराच वेळ खोलीत राहतो. ही जागा मुळात आवाजासाठीच बांधली होती ना.

एक तक्रार, पण ती जागेबद्दल नाही. मागच्या वर्षी सासू-सासऱ्यांसाठी आम्ही ऑनलाइन एक गायडेड वॉक बुक केला होता, कंपनीचं नाव घेत नाही. गाईड वीस मिनिटं उशिरा आला, चर्चमध्ये बारा-तेरा मिनिटं, झाडाखाली ग्रुप फोटो, आणि क्लॉइस्टरचं विचारलं तर म्हणाला ते पॅकेजमध्ये नाही आणि आत तसं खास काही नाही. सासरे गुडघ्यांच्या दुखण्याने हळू चालतात, त्यांच्यासाठी कुणी थांबलं नाही. मला आजही राग येतो, कारण त्यांचं परत येणं होईल का नाही माहीत नाही आणि त्यांनी ओवऱ्या बघितल्याच नाहीत. तेव्हा असले वॉक घेताना क्लॉइस्टर आहे का हे आधी विचारा, नाहीतर सरळ स्वतः जा, माहिती तिथे लिहिलेली असते. आईबाबांसाठी मराठीत सांगायचं काम आपलंच.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. मेट्रोचं स्टेशन कापितोल, लाईन ए. सोमवारी बंद असतं, निघण्याआधी वेळ बघून घ्या. हिवाळ्यात आत बाहेरपेक्षा जास्त गारठा लागतो, वयस्कर माणसांना शाल द्या. बसायला चर्चमध्ये जागा आहे आणि ओवऱ्यांच्या कट्ट्यांवरही टेकता येतं. वेळ दीड ते दोन तास धरा, बांधकामातलं माणूस बरोबर असेल तर तीन. आधी चर्च, मग क्लॉइस्टर, आणि निघताना परत एकदा चर्चमधून जा, कारण उन्हाचे रंग तोवर खांबांवरून दुसरीकडे गेलेले असतात. माझ्याकडून ५ पैकी ५.

आम्ही निघालो तेव्हा बाबा दिसेनात. शोधलं तर ओवरीच्या एका कोपऱ्यात, जिथे जुनी बाजू संपून नवी सुरू होते तिथे, खिशातला पेन भिंतीला उभा लावून सांधा बघत होते. मला म्हणाले, "ज्याने हे परत जोडलंय ना, त्याने रद्द्याला रद्दा मिळवलाय. आपल्या माणसांना दाखवायला फोटो काढ." तर त्या दिवशीचे माझ्या फोनमध्ये बाबांचे चार फोटो आहेत, झाडाचा एक, आणि विटांच्या सांध्याचे एकोणीस.